डाव्या बाजूचे पांढरे गोटे

बुटाले काळी माती लागली.

पाय उचलून पाह्यला तं उजव्या बुटाच्या तळाले काळी, चिकनी माती लोंबून राह्यली होती, अन् मी उभी होती तिथं काळी माती असालेच नाई पायजे होती. तिथं मुरूम पायजे होता. रोलर मारलेला लाल मुरूम, ज्याच्यावर टाच आपटली तं दगडावानी लागे. मी दुसरी टाच आपटली. तीबी आत गेली. वरून सगळं लालच दिसे अन् बोटभर खाली लोन्यावानी मऊ. मान वर केली तं विमान वळन घेऊन सरळ झालं होतं. नाक आमच्याकडं. चाकं खाली.

वॉकीचं बटन दाबलं. "चार्ली वन, चार्ली टू. लँडिंग रोको. दाहिनी साइड जमीन नरम है. ओव्हर."

"चार्ली टू, शक बता रही हो या देखा है? ओव्हर."

"देखा है मॅडम. पैर धँस रहा है."

कॅप्टन मॅडमचं उत्तर यायच्या आत हवालदार मोहंती पळाला. त्याच्याजवळबी वॉकी होता, त्यानं आयकलं होतं. लाल झेंडा हातात घेऊन तो पट्टीच्या मधात पळाला, विमानाच्या तोंडासमोर.

संध्याकाळी मले त्याच्या बायकोले फोन कराचा हाय. त्याच्या आत हे लिहून काढते. बाळ आत्ता झोपलं. त्या दिवसाचा ठपका मोहंतीवर बसला. कागदात असं हाय का गोटे त्यानं सरकवले, म्हनून विमान नरम जमिनीत गेलं. ते खरं हाय, पन अर्धं. बाकीच्या अर्ध्याचा मले कालपर्यंत नुसता शक होता. आज सकाळपासून शक नाई राह्यला. अन् ज्यानं मले सांगितलं ते मानूस आत्ता माह्याच सैपाकघरात भाकरी थापून राह्यलं हाय.

आता पयल्यापासून सांगते.

मी मिलिटरी पोलिसात शिपाई होती. दहावी झाली अन् भरतीत पळाली, निवड झाली. तिसऱ्या सालात आमची एक तुकडी टेंपररी ड्यूटीवर आदिलाबाद जिल्ह्यात आली, बेल्याच्या पलीकडं, पैनगंगेच्या अलीकडं. कच्च्या पट्टीवर विमान उतरवाची एक्सरसाइज होती. पूर आला, रस्ते तुटले, तं लहान विमान कमी जागेत उतरून आजारी मानसं उचलून नेता आली पायजे, त्याची प्रॅक्टिस. हे मी आज सांगून राह्यली. तवा सांगाची परवानगी नव्हती. ऑर्डर होती, सिव्हिलशी पट्टीबद्दल एक शब्द बोलाचा नाई. मले नेलं ते मराठी, तेलगू दोन्ही येते म्हनून. अन् पट्टीले लागून जे गाव हाय ते माह्या मावशीचं, हे कॅप्टन मॅडमले पयल्या दिवशी मीच सांगितलं.

पट्टी म्हनजे मधात मुरमाचा लांब माळ अन् दोन्ही कडंनं कापसाची काळी वावरं. जेसीबीनं माळ सपाट केला, रोलर फिरवला. कडेच्या काळ्या मातीवरबी थोडा थोडा मुरूम पसरला, धूळ उडू नये म्हनून. त्याच्यानं वरून सगळी पट्टी एकसारखी लाल दिसे. कुठवर पक्की अन् कुठून कच्ची हे डोळ्याले कळत नव्हतं. म्हनून दोन्ही कडंनं गोटे मांडले अन् त्याले चुना मारला. वैमानिकाले वरून ते पांढरे गोटेच दिसत. गोट्यांच्या मधात उतरला तं पक्की जमीन. बस, एवढाच हिशोब.

गोटे मांडले मोहंतीनं. ओडिशाचा मानूस, बुटका, पोट थोडं समोर, मिशी पिकलेली. तो मले बेटी म्हने अन् चुकलं तं अशा शिव्या दे का बेटी शब्द इसरून जाव. सकाळी साडेपाचले फॉल-इन झालं का पट्टी चालनं आमचं काम. एका कडेनं तो, दुसऱ्या कडेनं मी. खडे वेचाचे, शेन उचलाचं, गोटे पाहाचे. शेवटी तो लाइनीच्या टोकावर गुडघा टेके, एक डोळा मिटे अन् सगळे गोटे एका नजरेत घे.

"लाइन सीधी है," तो म्हने. "चलो, चाय."

साताच्या आसपास विमान ये. दोन पंख्याचं लहान विमान. उतरताना ते उतरे नाई, पडे. ज्वारीचं पोतं बंडीतून खाली टाकल्यावानी धप्प, मंग लाल धूळ, मंग ब्रेकांचं कन्हनं. आम्ही शिट्ट्या मारून गाई हाकलून ठेवत होतो, तरी एखादी कालवड शेपूट वर करून पळेच. अन् उडताना त्याहून भेव. वैमानिक ब्रेक दाबून धरे अन् दोन्ही पंखे पूर्ण फिरवे, विमान जागेवरच थरथरे, जसं शंकरपटाच्या शर्यतीत बैल दोर सुटाच्या आधी थरथरते. मंग सुटे. वाटे, आता जाते हे सरळ तुरीत. अन् एकदम वर.

धुऱ्यावर, म्हनजे वावराच्या बांधावर, अर्धं गाव उभं राहे. पन कोनी हसत नव्हतं. मले ते पयल्या दिवशीच दिसलं. विमान पाहाले आलेली मानसं आभाळाकडं पाहतात. हे लोकं खाली पाहत होते, गोट्यांकडं.

दूध आनाले मले गावात पाठवत. नळावर बाया बोलत राहत, वर्दी दिसली का चूप. तोंडात पान असल्यावानी. मी काही परकी नव्हती, याच नळावर मी लहानपनी आंघोळ केली, पन वर्दीले मामा मावशी नसते.

मावशीनं पयल्या दिवशी दारातच टोकलं. "या, फौजदारीन बाई."

"मावशी, फौजदार नाई. शिपाई हाव मी."

"मंग शिपायाचा एवढा तोरा? उंबऱ्यावर काऊन उभी? बूट काढता येत नाई का सरकारनं खिळे मारले?"

मी हसली. बूट काढले नाई, टाइम नव्हता. मावसा आंगनात बसून गाडीचा प्लग कापडानं पुसून राह्यला होता. मावसा म्हनजे कमी बोलनारा मानूस. त्यानं वर न पाहता इचारलं.

"पोरी, ते पांढरे गोटे कायचे हायेत?"

"निशानी हाय मावसा."

"कायची?"

"सांगता येत नाई."

"माह्या धुऱ्याले लागून हाय ते." त्यानं प्लग फुंकला. "पांढरा गोटा आला का त्याच्या मांगं साखळी घेऊन सर्वेवाला येते. सर्वेवाला आला का जमिनीच्या पट्ट्यातून नाव जाते. माह्या बापाचं वावर असंच तलावात गेलं. पयले गोटे, मंग पानी."

"नाई हो मावसा, आमी काही दिवसात चाललो जाऊ."

"अन् गोटे? ते नेसान का संगं?"

मले खरंच माहीत नव्हतं. अन् माहीत असतं तरी ऑर्डर नव्हती. "सांगता येत नाई," मी म्हनली.

मावशीनं दुधाची कॅन माह्या समोर आदळली. "तुही माय गेली तवा तू रांगत होती. या दोन पायांवर टाकून तुले न्हाऊ घातलं. अन् आता आमाले गोट्याचं सांगता येत नाई."

मी कॅन उचलली अन् निघाली. मावसा परत प्लग पुसू लागला. बोलला असता तं बरं झालं असतं.

आठवडा गेला असन. एका सकाळी मी डाव्या कडेनं चालून राह्यली होती, मावसाच्या वावराच्या बाजूनं. एका गोट्यापाशी थांबली. चुना मारताना गोट्याच्या भवती जमिनीवर चुन्याचे शितोडे पडतात, एक पांढरं कडं होते. ते कडं होतं, पन गोटा त्याच्या मधात नव्हता. गोटा कडं सोडून आत पट्टीकडं सरकला होता अन् कड्यावर कोनी पायानं माती लोटली होती. अर्धी झाकली होती, अर्धी राह्यली होती. मी दुसरा गोटा पाह्यला. तिसरा. सगळ्यांचं तसंच.

मी वावरवाल्याची पोरगी हाव. धुरा कसा सरकवतात हे आमच्याकडं शिकवा लागत नाई. अडानी चोर एक गोटा ढकलते अन् पकडला जाते, कारन लाइन वाकडी होते. हुशार मानूस सगळे गोटे सरकवते, सारखेच, हातभर. लाइन सरळची सरळ. पुढच्या खेपेले अजून हातभर. शेजाऱ्याले तीन सालानं कळते का आपलं वावर अंगानं बारीक झालं.

मोहंतीले हाक मारली. कडं दाखवलं.

त्यानं पाह्यलं. मंग टोकावर गेला, गुडघा टेकला, डोळा मिटला. "लाइन तो सीधी है."

"साहब, वही तो बात है. सीधी है इसलिए शक है."

"पागल है क्या? रोलर से हिला होगा. कोई हिलाता तो टेढ़ा होता."

"रोलर इधर आया ही नहीं."

त्यानं बुटानं माती बाजूले केली, पांढरे शितोडे पाह्यले. मंग म्हने, "मॅडम को बोल."

कॅप्टन मॅडम तंबूत नकाशा पाहून राह्यल्या होत्या. चांगल्या होत्या, कामाच्या पक्क्या. त्यायनं सगळं आयकून घेतलं अन् एकच सवाल केला.

"शक है या देखा है?"

"शक है मॅडम."

"किस पर?"

माह्या डोळ्यासमोर प्लग पुसनारा हात आला. मी म्हनली, "किसी एक पर नहीं."

"तुम्हारी मौसी का गाँव है न?"

"जी मॅडम."

"दूध लाने अब दूसरा कोई जाएगा."

त्या रातीपासून डाव्या बाजूले पहाऱ्यावर संत्री उभा केला. अन् गोटे हलनं बंद झालं. आता बंद झालं म्हनजे काय समजाचं? कोनी हलवत होतं ते थांबलं, का कोनी हलवतच नव्हतं? मोहंती म्हने, देखा, कुछ नहीं था. मॅडमच्या नजरेत मले दुसरंच दिसे. त्यायले वाटे का मीच गावात जाऊन सांगितलं, संत्री हाय, सांभाळून राहा. मी कोनालेच काही सांगितलं नव्हतं. पन जेवाले बसली का माह्या बाजूची जागा रिकामी राहू लागली. गावाले मी फौजेची, फौजेले मी गावाची.

मंग तो दिवस आला.

आदल्या दिवशी वैमानिकानं मॅडमले सांगितलं होतं का पट्टी वरून अरुंद दिसते. सकाळी मॅडमनं मोहंतीले हुकूम दिला, चौडाई चेक करो, कम है तो पूरी करो, फ्लाइंग टाइम पर है. मोहंतीपाशी गाठी मारलेला दोर होता, पयल्या दिवशी त्याच दोरानं रुंदी घेतली होती. त्यानं दोराचं एक टोक डाव्या गोट्यापाशी धरलं. डाव्याच काऊन? कारन तिथं संत्री होता. ते गोटे सांभाळलेले होते, भरोशाचे होते. दोर उजव्या गोट्यांच्या पुढं गेला. म्हनजे रुंदी कमी. म्हनून त्यानं उजवीकडचे गोटे दोराच्या टोकापर्यंत बाहेर सरकवले. सगळे. एका लाइनीत.

मले हे माहीत नव्हतं. मी तवा दुसऱ्या टोकावर गाई हाकलून राह्यली होती. परत आली तं तो उजव्या लाइनीच्या टोकावर गुडघा टेकून होता. मले पाहून अंगठा दाखवला. सीधी है. मंग तो लाल झेंडा घेऊन त्याच्या जागी गेला, मी माह्या जागी, उजव्या कडेले, जिथं विमान टेकते तिथं.

उजवीकडच्या वावरात हरभरा होता. रातभर मोटर चालू होती, पानी दिलेलं होतं. ओल मुरमाच्या खालून आत आली होती. मी नव्या लाइनीच्या आतून दोन पावलं चालली, अन् बुटाले काळी माती लागली.

तिथून तुमाले माहीत हाय. मी म्हनली देखा है. मोहंती पळाला.

त्यानं दोन्ही हात डोक्यावर आडवे केले, झेंडा हातात, अन् तो पट्टीच्या मधात उभा राह्यला. वैमानिकानं त्याले पाह्यलं. इंजिनाचा आवाज एकदम वाढला, विमान परत उचलून राह्यलं होतं. अजून थोडी उंची असती तं निघून गेलं असतं. पन उजवं चाक खाली लागलं. ते चाक बंडी खचते तसं खचलं अन् सगळं विमान त्या चाकावर फिरलं. शेपटी माह्या अंगावरून गेली, मी आडवी पडली म्हनून वाचली. डाव्या कानात फट्टकन काहीतरी झालं. त्याच्यानंतर मले आयकू आलं नाई, फक्त दिसलं. डावा पंख मोहंतीकडं फिरला. तो पळाला नाई. झेंडा खाली केला नाई.

वैमानिक दोघं वाचले. एकाचा पाय मोडला होता. आमी त्यायले बाहेर काढलं, पेट्रोल गळून राह्यलं होतं, माती टाकली, सगळं केलं जे शिकवलं होतं. मॅडम स्वतः मोहंतीपाशी बसल्या होत्या. त्यायची टोपी कुठं पडली होती ते त्यायले माहीत नव्हतं. त्यायनं माह्याकडं पाह्यलं अन् नाई म्हनून मान हलवली.

गाव धावत आलं. मावशी सगळ्यांच्या समोर, पदर सुटलेला, तोंड उघडझाक करून राह्यली होती. माहंच नाव घेत असन. मले आयकू येत नव्हतं. तिनं मले पोटाशी धरलं, चाचपून पाह्यलं, हात पाय मोजल्यावानी.

अन् मावसा धुऱ्यावर उभा होता. पायात चप्पल नव्हती. सगळं गाव विमानाकडं पाहून राह्यलं होतं. मावसा डाव्या बाजूच्या गोट्यांकडं पाहून राह्यला होता.

चौकशी बसली. मले दुसऱ्या कानाकडून सवाल इचारले.

"दाहिने पत्थर किसने हटाए?"

"हवालदार मोहंती साहब ने."

"तुमने देखा?"

"नहीं साहब. बाद में पता चला."

"बायें पत्थर हिले थे?"

"मुझे शक था साहब. चूने का निशान अलग था."

"किसने हिलाए?"

धुऱ्यावरचे उघडे पाय माह्या डोळ्यासमोर होते. पन उघडे पाय म्हनजे पुरावा नाई. "पता नहीं साहब," मी म्हनली, अन् तवा ते खरंच होतं. चुन्याची कडी तोवर पायाखाली, गाड्यांखाली तुडवून गेली होती. दाखवाले काहीच नव्हतं. लिहिलं गेलं का गोटे मोहंतीनं न तपासता सरकवले. मेलेला मानूस दोराचं कोनतं टोक कुठं अन् काऊन धरलं हे सांगाले येत नाई.

माह्या डाव्या कानाचा पडदा गेला होता. मेडिकल बोर्डानं मले घरी पाठवलं, मावशीकडं. लग्न झालं, आमचे हे इचोड्याले ट्रकच्या टायरचं काम करतात. तिथंच दोन खोल्या हायेत. बाळ झालं तवा माय नाई म्हनून मावशी आली. रोज सकाळी ती पाय लांब करून बसते, बाळाले पायांवर पालथं घालते, तेल लावते. मले घातलं होतं तसंच. तिचे हात लय गरम हायेत. बाळ तिच्याच हातानं झोपते, माह्या नाई.

या तीन सालात मी तिले कधी इचारलं नाई. तिनं सांगितलं नाई. ती पानी दे, मी पेत जाव. ती मीठ इचारे, मी सांगत जाव. पन कधी कधी मी वळली का दिसे, ती माह्याकडं पाहून राह्यली हाय. मंग तिनं पाह्यलं का मी पाहत राहे. एका घरात दोघी जनी एकमेकीवर पहारा देऊन राह्यलो होतो.

आज मोहंती गेला त्याची तारीख. मी सकाळी उठून देवापाशी दिवा लावला. मावशीनं पाह्यलं. बाळाले तेल लावता लावता मान खाली घालून बोलली, उजव्या बाजूनं, मले आयकू येईन अशी.

"एक हात वं. रोज एक हात."

मी दिव्याची वात पुढं सारली.

"मी बॅटरी धरली होती. यायले, तुह्या मावसाले, एकट्याले उचलत नव्हते ते. दोघांनं मिळून सरकवले. वावर वाचावं एवढंच डोक्यात होतं. गोटे दूर गेले तं सर्वे दूर जाईन. विमान कुठं आमच्या डोक्यात होतं पोरी? आमाले काय माहीत, त्या गोट्यावर पाहून ते खाली येते म्हनून? कोनी सांगितलं असतं तं हात तरी लावला असता का?"

"मले आत्ता काऊन सांगून राह्यली मावशी?"

"तू इचारत नाई म्हनून. तीन साल झाले, तू माह्या हातचं पानी पेते अन् इचारत नाई. मले तुह्या न इचारन्याचं भेव वाटते." तिनं बाळाची मान सावरली. "तुहा मावसा अजून रातचा उठते. धुऱ्यावर जाऊन बसते. गोटे तं केव्हाचे उचलून नेले, तरी जाते. आता सांगाचं असन तं सांग. नसन सांगाचं तं नको सांगू. पन असं पाहू नको माह्याकडं."

अन् तवाच फोन वाजला. सबिता भाभी. मोहंतीची बायको. ती दर साली याच दिवशी फोन करते.

"पूनम, ठीक हो? बच्चा कैसा है?" तिची हिंदी अर्धी ओडिया असते, हळू बोलते. "एक बात पूछूँ, बुरा मत मानना. इधर स्कूल के गेट पर गाँव वाले फौजी लोगों का नाम लिख रहे हैं, जो ड्यूटी पर गए. इनका नहीं लिखा. बोलते हैं, अपनी गलती से मरा. तुम तो वहीं थी न? तुमने क्या देखा? सच में इनकी गलती थी?"

मावशीचे हात बाळाच्या पाठीवर थांबले. तिले फोनमधलं हिंदी कळत नाई, पन माह्या तोंडावरून तिले सगळं कळते.

मी म्हनली, "भाभी, बच्चा रो रहा है. शाम को फोन करती हूँ."

बाळ रडत नव्हतं.

आता ऊन आंगनातून भिंतीवर चढलं हाय. मावशी आत भाकरी थापून राह्यली. आज तिनं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं हाय, मी काही बोलली तं लगेच निघता यावं म्हनून. मले इचारलं नाई, नुसतं ठेवलं. बाळ तिच्या लुगड्यावर झोपलं हाय, मुठीत तिच्या लुगड्याचं टोक धरून.

खरं बोलली तं मोहंतीचं नाव गेटवर लागन का, मले माहीत नाई. चौकशी परत उघडन का, माहीत नाई. पन पोलीस पट्टीवरच्या त्या गावात जातीन, मावसाच्या दारात उभे राहतीन, एवढं माहीत हाय. अन् मावसा खोटं बोलनार नाई. मावशीबी नाई. दोघंबी म्हनतीन, हो, आमीच. त्या दोघांयनं मले मोठं केलं.

नाई बोलली तं एक बाई तिकडं दर साली या तारखेले फोन करीन अन् मी दर साली म्हनीन, बच्चा रो रहा है.

मोहंती माह्या समोर अजून तसाच उभा हाय. कपाळाले चुन्याचं बोट लागलेलं, कारन त्यानं ते गोटे स्वतःच्या हातानं मांडले होते अन् चुन्याच्या हातानं घाम पुसे. एक डोळा मिटलेला. त्या दिवशी लाइन सरळ होती, त्याचं त्यात काही चुकलं नव्हतं. त्याले फक्त एवढंच माहीत नव्हतं का आमच्याकडं चोरीचीबी लाइन सरळच असते. ते मले माहीत होतं. मी सांगितलंबी होतं. पन शक म्हनून सांगितलं होतं, देखा है म्हनून नाई.

देखा है म्हनली तवा तो धावला. एका शब्दावर. मले इचारलंबी नाई का पक्कं हाय का. अन् परत आला नाई.

आता परत तोच शब्द माह्या तोंडात हाय. फोन हातात हाय, नंबर काढलेला हाय. आत भाकरीचा आवाज थांबला, ती आयकून राह्यली हाय. तुमी सांगा मले. माह्या जागी तुमी असते, तं काय केलं असतं?